ओट्यावर ठेवलेली नोटीस

मी वाशीमला एका वकिलाकडे मुन्शी आहे. नाव धनराज. सत्तावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून लिहून माझी भाषा पुस्तकी झाली; बायको म्हणते, तुम्ही भाजी मागतानाही 'सबब' म्हणता. पण डोकं फिरलं की वऱ्हाडीच तोंडात येते, आणि हिरीबाईचं सांगायला बसलो की डोकं फिरतंच. आधीच सांगून ठेवतो, यात गोड काही नाही.

हिरीबाई राठोड ही मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची बाई. अंगानं काटकुळी, पण हात मोठे, गवंड्याचे असावेत तसे. वय विचारलं की म्हणते, लिहा पासष्ट. मागच्या खेपेलाही पासष्टच होतं. तांड्यापासून सात-आठ मैलांवर एक मोठं गाव आहे, तिथं सरकारी दवाखाना आहे. गावाचं नाव मी घेत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे.

तिचं पहिलं बाळंतपण त्या दवाखान्यासमोरच्या कडुलिंबाखाली झालं. पंच्याऐंशी साल होतं. तेव्हा तिथं खाटा मोजून सहा, आणि हिचे दिवस भरायला थोडा अवकाश. बैलगाडीनं परत तांड्यावर न्यायचं आणि कळा सुरू झाल्या की पुन्हा आणायचं, याची सोबतच्या बायकांची छाती झाली नाही. त्यांनी तिला रस्त्यापलीकडच्या झाडाखाली बसवलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी चार लुगड्यांच्या आडोशाला पोरगी झाली. त्या पोरीबद्दल हिरीबाई एवढंच म्हणते, "रडली नाई," आणि पुढच्या गोष्टीवर जाते.

हे सगळं समोरच्या घरातून एक बाई पाहत होती. प्रयागबाई. मोठ्या जमीनदाराची विधवा, पोटी मूल नाही, नात्यागोत्याचा गोतावळा भरपूर. त्या बाईनं वर्षभराच्या आत दवाखान्यासमोरच्या आपल्या जागेवर तीन खोल्या बांधल्या, मागं स्वयंपाकाला पत्र्याचा मांडव, एक न्हाणी आणि पाणी तापवायला मोठी चूल. रीतसर सार्वजनिक ट्रस्ट करून त्याची नोंदणी केली. ट्रस्टच्या कागदात एक ओळ आहे, ती मी इतक्यांदा टाइप केली की पाठ झाली: 'बाळंतपणास आलेल्या कोणत्याही स्त्रीस व तिच्या सोबतच्या माणसांस येथे विनामूल्य राहता येईल, जात व गाव विचारू नये.' देखभालीला तिनं हिरीबाईला ठेवलं. हिरीबाई तिला याडी म्हणायची. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात.

तेव्हापासून हिरीबाईचं आयुष्य म्हणजे त्या तीन खोल्या. पाणी तापवायचं, बाळंतिणीचे कपडे धुवायचे, कुणाच्या कळा खऱ्या नि कुणाच्या खोट्या ते ओळखायचं, वेळ झाली की रस्ता ओलांडून दवाखान्यात पोचवायचं, आणि सोबत आलेल्या सासूला गप्प बसवायचं. आता लोक म्हणतात, फोन केला की गाडी येते, धर्मशाळा कशाला हवी. येते ना, मी कुठं नाही म्हणतो? पण पावसाळ्यात आमच्याकडच्या नाल्यांवरून गाडी काय, बकरी जात नाही. म्हणून शहाण्या बाया चार दिवस आधीच येऊन राहतात. त्यांना चूल लागते, न्हाणी लागते, आणि रात्री डोळा लागला तर हाक मारणारं माणूस लागतं.

आणि एक काम होतं, टपालाचं. ट्रस्टचा पत्ता म्हणजे ती धर्मशाळा. जे काही सरकारी पत्र, नोटीस, रजिस्टर यायचं ते तिथंच. प्रयागबाईनं हिरीबाईला सही करायला शिकवलं ते एवढ्यासाठीच, की पोस्टमन आला तर परत जाऊ नये. दोन महिने पाटीवर गिरवून घेतलं. टपाल आलं की हिरीबाई सही करून घ्यायची आणि प्रयागबाईच्या हाती द्यायची. प्रयागबाई गेल्यावर ती ते टपाल आधी तिच्या फोटोपुढं ठेवायची, फोटोला हात जोडायची, आणि दिवेलागणीच्या आत नव्या अध्यक्षाच्या घरी पोचवायची.

नवे अध्यक्ष म्हणजे प्रयागबाईचे पुतणे दौलतराव. बाकीचे दोन विश्वस्त म्हणजे एक त्यांचा साळा आणि एक त्यांच्या हो ला हो करणारा. कुंपणानंच शेत खायचं ठरवल्यावर राखण कुणी करायची?

दौलतरावांच्या घराला पुढं उंच ओटा आहे. हिरीबाई बाळंतिणींत वावरते, तिला विटाळ, म्हणून त्या घरात तिच्या हातून कुणी काही घेत नाही. ती पायऱ्यांपाशी उभी राहून टपाल आलं म्हणून सांगायची, आतून आवाज यायचा, ठेव तिथं. ती ओट्याच्या कडेवर ठेवून, वारा असला तर वर खडा ठेवून निघून यायची. मागाहून कुणीतरी पाण्याचा हात फिरवून ते उचलायचं. चौदा-पंधरा वर्षं हेच. बरं, त्यांच्या सुनेचं, वर्षाराणीचं, बाळंतपण झालं तेव्हा मात्र हीच हिरीबाई लागली. चाळीस दिवस बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, सुनेचा शेक, सगळं हिच्या हातांनी, घराच्या आत. तेव्हा विटाळ कुठं गेला होता, चुलीत? एकेचाळिसाव्या दिवशी घर धुतलं आणि ही पुन्हा पायरीखाली. हे मला फार उशिरा कळलं, आणि उशिरा कळल्याची किंमत माझ्या खिशातून गेली नाही, हीच तर लाज आहे.

दोन वर्षांपूर्वी दौलतरावांनी धर्मशाळेवर फ्लेक्स लावला, 'भव्य जीर्णोद्धार'. खाली स्वतःचा हात जोडलेला फोटो. आत काय, तर खाली दुकानं आणि वर हॉल. बाळंतिणींच्या खोल्यांचा त्या नकाशात पत्ता नव्हता. आधी एका खोलीला कुलूप लागलं, मग दुसरीला. देवाधर्माचे शब्द असे पापाला पांघरूण म्हणून वापरलेले पाहिले की मले शिसारी येते. पाडायचं आहे तर पाडायचं आहे म्हणा की लेको.

त्यावेळी हिरीबाई पहिल्यांदा एस.टी.नं वाशीमला आली. आमच्या टेबलावर ते दोन मोठे हात ठेवून बसली आणि वकीलसाहेबांना म्हणाली, "मालकाले दुकानं बांधाचे असन तं बांधू द्या दुसरीकडं. या तीन खोल्या थांबवता येते का, एवढं सांगा."

वकीलसाहेब भला माणूस. त्यांनी तिला सगळं उलगडून सांगितलं. ट्रस्ट सार्वजनिक आहे, म्हणून कुणालाही उठून थेट दिवाणी दावा लावता येत नाही. ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेली निदान दोन माणसं लागतात. त्यांनी आधी धर्मादाय आयुक्तांकडे लेखी परवानगी मागायची. ते विश्वस्तांना नोटीस काढतात, दोन्ही बाजू ऐकतात, आणि प्रकरणात तथ्य दिसलं तर सहा महिन्यांत परवानगी देतात. ती परवानगी जोडली तरच जिल्हा न्यायालयात दावा उभा राहतो, नाही तर पहिल्याच पायरीवर पडतो. खरं सांगतो, कायदा वाईट नाही. ही चाळणी नसती तर गावोगाव रुसलेल्या पुढाऱ्यांनी देवळांवर नि शाळांवर दावे लावून विश्वस्तांना कोर्टातच म्हातारं केलं असतं. विश्वस्तांचंही ऐकून घ्या, एवढंच तो म्हणतो. पण चांगल्या कायद्यालाही हरामखोर माणसं भेटतातच.

दोनच माणसं लागतात म्हटल्यावर हिरीबाई हसली होती. तिला वाटलं, दोन हजार आणू. त्या खोल्यांत राहून बाळंत झालेल्या बाया पन्नास गावांत आहेत. पुढचे तीन आठवडे ती हिंडली. ज्यांची नाळ तिनं पुरली, ते आता बाप्ये झालेत, मिशा आल्यात, मोटारसायकली आल्यात. एकानं सांगितलं, नव्या दुकानांत माझ्या भावाचं नाव लागलंय. दुसरा म्हणाला, मावशी, तुमचं खरं आहे, पण दौलतराव आमच्या सोसायटीवर आहेत. तिसऱ्याच्या बायकोनं तिला जेवू घातलं, साडी द्यायला काढली, आणि सही मागितल्यावर म्हणाली, हे घरी नाहीत. घरी होते. न्हाणीत लपले होते. हिरीबाईला त्यांची बनियन दिसली. मी हे ऐकून शिवी दिली, तर ती मलाच म्हणाली, जाऊ द्या, लेकराबाळाचे धनी हायत.

शेवटी मोहनसिंग जाधव उभे राहिले. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. वीस वर्षांपूर्वी त्यांची लेक मधल्या खोलीतून रातोरात दवाखान्यात नेली म्हणून वाचली होती. ते आमच्या ऑफिसात आले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत, उभ्यानंच सही केली आणि दोनच्या गाडीनं परत गेले. अर्जदार क्रमांक एक हिरीबाई, क्रमांक दोन मोहनसिंग.

अर्ज मी लिहिला. इथं जी चूक झाली ती माझी. विश्वस्तांचे पत्ते मी ट्रस्टच्या नोंदणीच्या उताऱ्यावरून उतरवले. उताऱ्यावर तिघांच्याही नावापुढं एकच पत्ता होता, मार्फत धर्मशाळा. सत्तावीस वर्षांची मुन्शीगिरी, आणि मी शाळकरी पोरासारखी नक्कल मारली. तिघांच्या घरचे पत्ते घालायला मला काय धाड भरली होती?

अमरावतीच्या धर्मादाय कार्यालयातून नोटिसा निघाल्या, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. महिन्याभरानं हिरीबाईचा फोन आला. आवाजात समाधान होतं. म्हणाली, कागद आले, तीन होते, म्या सही करून घेतले, फोटोपुढं ठेवले अन् मालकाच्या घरी पोचते केले. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, बरं झालं, आता तारखेला या. फोन ठेवला आणि दुसऱ्या अर्जाला लागलो. अर्जदार बाईनं विरुद्ध पक्षाची नोटीस स्वतः सही करून घेतली, हे ऐकूनही माझ्या डोक्यात दिवा लागला नाही. कारण तिच्या बोलण्यात ते इतकं रोजचं होतं. तिच्या लेखी टपाल म्हणजे टपाल. ते कुणाच्या विरुद्ध आहे हे पाहणं तिचं कामच नव्हतं. नोटीस दाबून ठेवली असती तर याडीचा विश्वासघात झाला असता, असं तिला वाटलं असतं.

तारखेला दौलतराव आले नाहीत. पुढच्या तारखेलाही नाही. पोचपावत्या कार्यालयात परत आल्या होत्या, त्यांवर सही होती, ती कुणाची हे तेव्हा कुणी विचारलं नाही. एकतर्फी सुनावणी झाली आणि पाचव्या महिन्यात परवानगी मिळाली. वाशीमच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला, बांधकाम पाडू नये म्हणून तात्पुरती मनाई मिळाली. हिरीबाईनं त्या दिवशी आमच्या ऑफिसात रोडगे आणून वाटले. मोहनसिंग तेव्हा पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

मनाईचा कागद मिळताच दौलतराव जागे झाले. त्यांच्या वकिलानं अमरावतीला अर्ज टाकला, की आम्हाला नोटीस मिळालीच नाही. परवानगीचा आदेश आम्हाला न ऐकता झाला, तो मागे घ्यावा. सोबत पोचपावत्यांच्या प्रती, आणि खाली लाल शाईनं अधोरेखित केलेलं वाक्य: 'सदर सही ही अर्जदार क्रमांक एक हिचीच आहे.' ते वाचलं आणि मी ते पान वकीलसाहेबांपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी हिरीबाईला बोलावून घेतलं, नीट सगळं विचारलं, तेव्हा तो ओटा, तो विटाळ, तो खडा, सगळं बाहेर आलं. मग मी जे केलं तेही सांगतो, कारण दुसऱ्यांना शिव्या देतोय तर स्वतःला का सोडायचं. मी तिला पढवलं. म्हटलं, हिरीबाई, अमरावतीच्या साहेबांनी विचारलं तर सांगायचं, वर्षाराणीच्या हातात दिली. एवढंच. देऊन आलीसच ना तू, मग ओटा काय नि हात काय. ती म्हणाली, "याडीच्या फोटोपुढं ठेवलेला कागद हाय तो, मुन्शीभाऊ. त्याच्यावर खोटं बोलू काय?"

अमरावतीला हिरीबाई, मोहनसिंग आणि मी असे आम्ही तिघं कारंज्यावरून एस.टी.नं गेलो. दौलतराव स्वतःच्या गाडीनं आले, पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला अष्टगंध. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ते याच माणसाला पाहून म्हटलं असावं. सुनावणी घेणारे साहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी पोचपावती पुढं करून हिरीबाईला विचारलं, ही सही कुणाची. ती म्हणाली, माझी. तिच्या बोलण्यात थोडा अभिमानच होता. तिच्या हयातीत कुठल्या साहेबानं तिची सही इतकी निरखून पाहिली नव्हती. मग साहेबांनी विचारलं, नोटिसांचं पुढं काय केलं. तिनं सांगितलं, फोटोपासून खड्यापर्यंत सगळं.

साहेब म्हणाले, "ओट्यावर ठेवली हे समजलं. हातात कुणाच्या दिली?"

हिरीबाईला प्रश्नच कळला नाही असं मला वाटलं. पण तिला नीट कळला होता.

"माझ्या हातून हातात कोन घेते, साहेब?"

साहेबांनी पेन खाली ठेवला. दौलतराव मोबाइल पाहत होते, पाहतच राहिले. त्यांचा वकील मात्र तडक उठला आणि म्हणाला, हे रेकॉर्डवर घ्यावं. साहेब तरी काय करणार? नोटीस बजावली गेली की नाही एवढाच त्यांच्यापुढचा मुद्दा, आणि ती बजावली गेली नव्हती. टायपिस्टनं लिहून घेतलं: 'अर्जदार क्रमांक एक कबूल करते की, नोटीस गैरअर्जदारांच्या प्रत्यक्ष हाती दिलेली नाही.' कबूल करते! पंधरा वर्षं ज्यांनी तिच्या हातून कागदाचा कपटा घेतला नाही, ते मोकळे, आणि कबुली हिची. मी आयुष्यात हजार जबाब लिहिले असतील. त्या एका ओळीची मले अजून किळस येते.

परवानगी मागे घेतली गेली. पुन्हा नव्यानं नोटीस काढा, पुन्हा ऐका. चुकीचं काही नाही, कुणी वरच्या कोर्टात गेलं असतं तरी हेच झालं असतं. परवानगी गेली तशी दाव्याचा आधारच गेला. गुरुवारी अमरावतीचा आदेश वाशीमला दाखल झाला, शुक्रवारी मनाई उठली. शनिवारी कोर्टाला सुट्टी. शनिवारी सकाळी जेसीबी आला.

मोहनसिंगांनी मला फोन केला तेव्हा मी दाढी करत होतो. साबण तसाच तोंडावर ठेवून वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी इकडं तिकडं फोन लावले, पण तोवर मधली खोली गेली होती. हिरीबाईनं न्हाणीतलं पातेलं, प्रयागबाईचा फोटो आणि एका बाईचं गाठोडं बाहेर काढलं. त्या दिवशी आत एक बाई होती, मेडशीकडून आलेली, सुकेशनी नावाची, नववा सरलेली. तिला कडुलिंबाखाली बसवलं. जमलेल्या माणसांत ते मिशावाले होते, मोटारसायकलीवाले होते. कुणी थांबवायला पुढं आलं नाही; दोघा-तिघांनी व्हिडिओ काढला. एकानं तर विटा विकायच्या आहेत का म्हणून ड्रायव्हरला विचारलं. थू अशा जन्मावर. ज्या भिंतीआड आईनं तुह्यासाठी कळा काढल्या, तिच्या विटांचा भाव करून राह्यला काय रे?

सुकेशनीचं नीट झालं, दवाखान्यात, मुलगा झाला. हिरीबाई तीन दिवस तिच्याजवळ झाडाखाली आणि मग व्हरांड्यात होती. चौथ्या दिवशी ती वाशीमला आली. मला तिच्या नजरेला नजर देता येईना. म्हटलं, हिरीबाई, पत्ते मी चुकवले. ती म्हणाली, हो, वकीलसाहेबांनी सांगितलं. शिवी दिली नाही, रडली नाही. म्हणाली, जागा तं हाय ना अजून, जागा थोडीच पाडता येते? नवा अर्ज लिहा. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नवा अर्ज लिहिला. आता मागणी मोठी होती: विश्वस्तांना हटवा, जागेवर दुकानं होऊ देऊ नका, खोल्या पुन्हा बांधून द्या. या खेपेला तिघांच्या घरचे पत्ते मी स्वतः गावात जाऊन, दारावरच्या पाट्या वाचून आणले. आणि नोटिसा हमदस्त मागितल्या, म्हणजे पोस्टावर न सोडता आपणच नेऊन हाती द्यायच्या, सही घ्यायची, आणि तसं शपथपत्र करायचं. साळा आणि हो ला हो वाला यांच्या नोटिसा मी एकट्यानं बजावल्या. दौलतरावांच्या नोटिशीच्या वेळी हिरीबाई म्हणाली, मी येतो, कागद माझ्या हातानं देतो. मी म्हटलं, तुझ्या हातामुळंच मागच्या वेळी घोळ झाला. ती म्हणाली, म्हनूनच. मोहनसिंग साक्षीला आले. व्हिडिओ काढायचा मोबाइल मी हातात धरला.

हिरीबाई पायऱ्या चढली. चार पायऱ्या आहेत, मी मोजल्या. ती ओट्यावर उभी राहिली तेव्हा दारातून वर्षाराणी बाहेर आली आणि तिला तिथं पाहून दचकली. सासरे गावाला गेलेत म्हणाली. आतून त्यांचा खोकला ऐकू येत होता. मी सांगितलं, घरातल्या मोठ्या माणसानं घेतली तरी चालते. नाही घेतली तर नकार म्हणून लिहीन आणि दोन साक्षीदारांसमोर दारावर डकवीन. ती आत जाऊन विचारून आली. मग सवयीनंच तिनं ओट्याच्या कडेकडे बोट केलं. म्हणाली, ठेवा ना मावशी तिथं, मी घेते.

"तिथं नाई," हिरीबाई म्हणाली. "तिथं ठेवलेलं सरकारले दिसत नाई. हातात घे, बाई."

वर्षाराणीनं दोन बोटांनी नोटीस धरली. मी दिलेल्या पेननं सही केली आणि पेन परत माझ्या हातात न देता कडेवर ठेवला. मग ती बाजूच्या नळावर गेली, साबण घेतला आणि मनगटापर्यंत हात धुतले. मुद्दाम अपमान करायचा म्हणून नाही हो, तेच तर सांगतोय. कपाळावरचा केस मागं सारावा तसं, ध्यानीमनी नसताना. शिकलेली पोरगी आहे, बी.एस्सी. झालेली. हिरीबाई ओट्यावरून ते संपेपर्यंत पाहत उभी राहिली. नळ बंद झाल्यावर खाली उतरली.

एस.टी. स्टँडवर बाकावर बसून मी नोटीस बजावल्याचं शपथपत्र हातानं लिहिलं, नंतर टाइप करायला. हिरीबाईनं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं: नोटीस प्रत्यक्ष हाती दिली, घेणाऱ्याने सही केली, व्हिडिओ काढला. ती ऐकत होती, आपले हात उलटेपालटे करून पाहत होती. मग म्हणाली, "तिच्या पोरीले म्या चाळीस दिवस न्हाऊ घातलं, त्याच नळाच्या पान्यानं. साबन बी तोच हाय अजून, गुलाबी." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तिनं हात धुतले ते लिवलं काय?"

मी म्हटलं, नाही, त्याची कायद्याला गरज नसते.

"लिवा," ती म्हणाली.

मी लिहिलं. 'सही केल्यानंतर घेणाऱ्याने साबणाने हात धुतले.' दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी शपथपत्र वाचलं, त्या वाक्यापाशी थांबले, पुन्हा वाचलं, आणि न खोडता खाली सही केली. पुढची तारीख याच महिन्यात सतरा तारखेला आहे.